पलंगालगतचं कपाट

३ जून, सकाळ.
आजपासून कपाट. हिचे कपडे पलंगाखालच्या सुटकेसमध्ये. आजारपणामुळे हिला वाकवत नाही, दर वेळी मला हाक. (तक्रार नाही, नुसती नोंद.) पडल्यापडल्या उघडता येईल असं बुटकं कपाट हवं. विकतचं आणायचा प्रश्नच नाही. आठवड्यात उरकतो.

५ जून.
पटाशी अंगठ्यात. म्हणजे काम सुरू झालं. ही म्हणाली, जरा बसा ना जवळ. म्हटलं, बसून कपाट होतं का?

१४ जून.
दाराची चौकट तयार. कोपरे काटकोनात, एक सोडून. सुतारकामाच्या पुस्तकात म्हटलंय, मधली फळी खाचेत नुसती सरकवा, गोंद नको. दमट हवेत लाकूड फुगतं, त्याला जागा लागते. हे नवशिक्यांसाठी. मी फळी ठोकून घट्ट बसवली, वर खाचेत गोंद ओतला. खडखडाट नको.

१५ जून.
डॉक्टर येऊन गेले. हिची धाकटी बहीण मुक्कामाला आलीय, तिच्याशीच बोलले. मला कुणी बोलावलं नाही. (बोलावलं होतं म्हणे. रंध्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल.)

२२ जून.
कपाट खोलीत! कपडे आत लावले. हिने हात फिरवला, छान झालंय म्हणाली. आता तरी बसाल? पण पॉलिश राहिलंय.

२९ जून.
हवा दमट. दार हिला उघडत नाही. मला उघडतं, पाय लावून. मेहुणी कपडे परत सुटकेसमध्ये ठेवू म्हणाली. साफ नकार दिला. उद्या रंधा मारतो.

४ जुलै.
फुगलेल्या फळीने चौकटीचा जोड उसवला. दार तिरकं होऊन गच्च अडकलं. रंध्याचं पातं आणायला बाजारात गेलो. दुकानदाराशी लाकडावर छान चर्चा रंगली. परतलो तर मेहुणी दारातच उभी. ही गेली. दोनदा विचारलं म्हणे, हे कुठायत. मेहुणीने सांगितलं, कपाटाच्याच कामाला गेलेत. खरंच होतं ते.

५ जुलै.
हिला घालायचे चांगले कपडे आत. दार उघडेना. माणसं खोलीत ताटकळलेली, मी पटाशी घेऊन गुडघ्यांवर. पाचच मिनिटं, म्हणत होतो. मेहुणी म्हणाली, भाऊजी, राहू द्या आता. तिने स्वतःच्या बॅगेतले कपडे काढले.
दोघी बहिणी एकाच चणीच्या. तरी हिला ते केवढे सैल झाले.
ही इतकी बारीक कधी झाली?