कमानपाट्याची विळी

आबा, आईची विळी मोडली. म्हणजे पातं शाबूत आहे, ते पाटाला बोल्टनं आवळायचं त्याच्या बुडातलं भोक तडकलं. कोथिंबिरीची जुडी कापताना पातं कलंडलं आणि आई ओरडली, "तरी म्हणत होते तुझ्या आबाला, लोहाराचं काम लोहाराला करू द्या!" तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण तिचं तुमच्याशी भांडण काही संपलेलं न्हाई.

तिचं खोटंही न्हाई. तुम्ही लेथवर काम करणारे टर्नर माणूस, आणि मुदखेडच्या घरामागं पत्र्याच्या शेडात ट्रकच्या स्प्रिंगचा जुना कमानपाटा तापवून ठोकत बसलात. लोहार नुसत्या धारेला पाणी देऊन टणक करतो, बूड मऊ ठेवतो. तुम्ही हौसेपायी अख्खं लालबुंद पातं तेलाच्या डब्यात बुडवलं. केवढा धूर! आई खोकत बाहेर येते, आणि तुम्ही काळ्या तोंडानं हसताय, "आता हे जन्मात वाकायचं न्हाई." वाकलं न्हाईच, आबा. तडकलं.

शेजारी नवं भोक पाडावं म्हणून तुमच्याच ड्रिल मशीनवर बसले. घरातला साधा बिट नुसता किंचाळला, टोक निळं पडलं. नांदेडला जाऊन कोबाल्टचा आणला, त्यानं टिकलीएवढा खळगा केला आणि तोही बोथट झाला. परत गेले तर दुकानदार म्हणाला, "ताई, कशाला जीव काढून राहिलात? बूड लाल करा, राखेत गाडा, धारेला ओलं फडकं गुंडाळा. मऊ पडतंय, मग कोणताबी बिट जाईल." बरोबरच सांगत होता. तुम्हीही हेच सांगितलं असतं. पण मी न्हाई म्हणाले. तुमच्या हातनं दिलेलं पाणी मला बोटभरसुद्धा उतरवायचं नव्हतं. तुमचं दुसरं राहिलंय काय घरात? कपडे वाटून टाकले, सायकल भाच्यानं नेली.

शेवटी कार्बाइडचा बिट मागितला. "लई टणक, पण काचेवानी. हात हलला की गेला," त्यानं बजावलं. म्हणून पातं वाइसच्या जबड्यात गच्च आवळलं, स्पीड कमी ठेवला, श्वास धरून एकसारखा दाब दिला. बारीक कीस पडायला लागला. बिट आरपार गेला तशी मशीन बंद केली आणि तिथंच हमसून रडले. तुम्ही गेलात तेव्हा पाहुण्यांच्या चहापाण्यात मला रडायला कुठं मिळालं होतं?

विळी पुन्हा पाटावर उभी आहे. आता आईची रोजची कटकट, "बोथट झालीय गं, धार लाव की." मी सांगते, ग्राइंडर बिघडलाय. हे पत्र टाकायला पत्ता न्हाई, म्हणून तुम्हाला खरं सांगते, ग्राइंडर चांगला चालतोय. पण धार लावली की पातं झिजतं, आबा. ठिणग्यांमधून तुमच्या हातचं थोडं थोडं उडून जातं, आणि मला ते बघवत न्हाई. आत्ता आई तिकडं दोन्ही हातांनी जोर लावून भोपळा कापतेय, आणि मी इथं बसून ऐकतेय.