हौदाची ओटी

।। श्री गिरिजात्मज प्रसन्न ।।
जुन्नर, ता. ४-८-९८

चि. चांगदेव यास आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुदर्शननं घरामागं ह्यांच्यासाठी पोहायचा हौद बांधून घेतला. अर्धांगाच्या झटक्यापासून ह्यांचा उजवा पाय ओढतोच आहे. डॉक्टर म्हणाले, छातीभर पाण्यात रोज चाललं तर पाय धरेल. बांधून झालं आणि लेक पुण्याला गेला. राखायचं कुणी? आईनं.

पाणी लगेच शेवाळतं. सगळं सोडून पुन्हा भरायला हात धजत नाही, पाप वाटतं. सुदर्शननं क्लोरीनच्या गोळ्या आणून ठेवल्यात, पण त्या चांदीच्या भावाच्या. पेठेतले मिश्रीलाल म्हणतात, ब्लीचिंग पावडरीनंही भागेल. डिंभ्याच्या टाकीत रोज औषध टाकणारा सख्खा भाऊ असताना मी दुकानदाराचं का ऐकू? काय घ्यावं, कसं टाकावं, नीट कळव. ह्यांच्या अंगाला काही व्हायला नको, एवढीच धास्ती.

कोंडाबाईस आशीर्वाद.

तुझी,
आक्का

डिंभे, ता. १०-८-९८

ती. सौ. आक्कास चांगदेवचा शि. सा. न. वि. वि.

गोळ्या वाईट नाहीत, पण तुझ्या हाताला पावडरच मानवेल. आम्ही तिला टीसीएल म्हणतो. प्लास्टिकच्या बादलीत आधी पाणी घे, मग त्यात पावडर टाक, उलटं करू नकोस. काठीनं ढवळ आणि निवळू दे. चुना तळाशी बसेल, वरची निवळी तेवढी हौदात फिरवून ओत. दिवेलागणीला टाक, ऊन औषध खाऊन टाकतं. डब्याचं झाकण घट्ट लाव, वारा लागला की जोर जातो. गोळी आणि पावडर कधीही एकत्र करू नकोस, भडका उडतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोज पाण्याची ओटी झाल्याशिवाय दाजींना उतरवू नकोस. आम्हीही गावच्या टाकीची रोज करतो.

दाजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझा,
चांगदेव

जुन्नर, ता. २५-८-९८

चि. चांगदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. ओटीही रोज भरली. सरकारी माणसं टाकीची ओटी भरतात हे वाचून डोळे भरून आले. पाणी म्हणजे आईच. रोज नारळ परवडायचा नाही म्हणून मूठभर तांदूळ, हळदकुंकू, चार फुलं, खण-नारळ मंगळवारी. ह्यांची जीभ अजून जड आहे, पण चेष्टा काही सुटत नाही. काठावरून विचारलं, हौदाला कितवा महिना?

पण पाणी आधीपेक्षा गढूळ झालं रे. औषध ओतूनही हिरवट दिसतं. ह्यांचे डोळे चुरचुरतात, अंगाला खाज सुटते. माझं काय चुकलं? लवकर लिही, तोवर ह्यांना उतरू देत नाही.

तुझी,
आक्का

डिंभे, ता. ३१-८-९८

ती. सौ. आक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कोंडाबाईला वाचून दाखवलं. हसून हसून तिनं डोळ्याला पदर लावला. म्हणाली, वन्संनी ओटी भरली, आता पाळण्याचीही तयारी करा.

अगं, ओटी म्हणजे इंग्रजीतली ओ आणि टी ही दोन अक्षरं, पाणी तपासायच्या आमच्या औषधाचं नाव! काचेच्या नळीत हौदाचं पाणी घ्यायचं आणि त्यात ओटीचे थेंब टाकायचे. फिकट पिवळं झालं तर पाणी चांगलं. रंगच आला नाही तर क्लोरीन संपला. नारिंगी झालं तर जास्त झाला, कुणी उतरायचं नाही. तुझे तांदूळ आणि फुलं कुजत होती, सगळा क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडत होता. जाळीनं सगळं काढ. भरत कंडक्टरकडे नळी आणि बाटली पाठवतो.

चूक माझीच. बाईमाणसाला नुसतं ओटी म्हणून लिहिलं.

तुझा,
चांगदेव

जुन्नर, ता. २-११-९८

चि. चांगदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज ह्यांनी हौदाच्या कठड्याचा दांडा सोडला. सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पाण्यातून चालत आले. मी काठावर जपमाळ घेऊन बसले होते, ती तशीच मुठीत राहिली. पाणी इतकं नितळ होतं की दोन्ही पावलं उचललेली दिसली. वर आल्यावर म्हणाले, तुझ्या भावाची ओटी लई गुणाची. पाय आणखी सुधारला की लेण्याद्रीला पायथ्यापर्यंत तरी नेईन म्हणते. पायऱ्यांचं पुढं बघू.

तुझी,
आक्का

डिंभे, ता. ११-१-९९

ती. आक्कास चांगदेवचा शि. सा. न. वि. वि.

दाजींचं तेरावं उरकून आलो, पण मन तिकडंच आहे. दुसरा झटका इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. निदान झोपेत गेले, हाल झाले नाहीत.

सुदर्शन म्हणत होता, उन्हाळ्याआधी हौद मातीनं भरून वर बाग करू. मलाही पटलं. वापरात नसलेलं पाणी वाईट, डास होतात, पोरंसोरं पडतात. तू आता पावडर टाकणं सोड. तुझ्या हातांना भेगा पडल्यात, कोंडाबाईनं पाहिल्या. चार दिवस इकडं ये.

तुझा,
चांगदेव

।। श्री गिरिजात्मज प्रसन्न ।।
जुन्नर, ता. २१-१-९९

चि. चांगदेव यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायन्यात तू सौ. लिहिलं नाहीस आणि गं. भा. ही लिहिलं नाहीस. नुसतं आक्का. बरं केलंस.

शेजारी ठकूबाईकडे संक्रांतीचं हळदीकुंकू झालं. बोलवायला निघालेली तिची सून समृद्धी माझ्या दारावरून पुढं गेली, मग माघारी येऊन तिळगूळ देऊन गेली. पोरीचं तोंड एवढंसं झालं होतं. मीच तिला म्हटलं, जा बाई, रीत आहे. रीत मोडणारी मी कोण? ती ओटी आता माझ्या हाताची नाही.

संध्याकाळी सवयीनं मागं गेले. ह्यांनी धरून धरून कठड्याचा रंग उडालाय, तिथंच टेकले. नळीत पाणी घेतलं, तुझे थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं, अगदी हळदीच्या पाण्यासारखं. चांगदेवा, ही ओटी माझ्या कपाळाकडे बघत नाही रे.

सुदर्शनला तू समजाव. वर्षश्राद्धापर्यंत माती टाकू नको म्हणावं. पोरांसाठी मी काठाला काटेरी कुंपण घालून घेते. ह्यांची पावलं मला शेवटची त्या पाण्यात दिसली, ते एवढ्यात हिरवं होऊ देणार नाही. नंतर त्याचा हौद, त्याची बाग.

पावडर तळाला गेली आहे. भरतकडे एक डबा दे, झाकण घट्ट लाव. कोंडाबाईस आशीर्वाद. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी,
नुसती आक्का