पहिल्या हाकेला ओ

५ फेब्रुवारी

आले एकदाची सासरी! बार्शीपासून पनवेलजवळच्या उलव्यापर्यंत शालू नेसून गाडीत बसायचं म्हणजे काय शिक्षा असते ते नवरीलाच ठाऊक. पण घर पाहिलं आणि सगळा शीण पळाला. गावातला सगळ्यात मोठा बंगला आमचा. फाटक सोनेरी, फाटकावर दोन सिंह, आणि वर नाव, 'आईची पुण्याई'. सिंहांचे चेहरे आमच्या बार्शीच्या मुख्याध्यापकांसारखे आहेत. मी हसू दाबत होते, तेवढ्यात डोक्यावरून विमान इतकं खालून गेलं की करवलीच्या हातातला तांब्या पडला. मग सगळेच हसले.

माप ओलांडल्यावर नाव ठेवायचा कार्यक्रम झाला. ताटात तांदूळ पसरून प्रणितने अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, हेतल. त्याचा हात इतका थरथरत होता की मी कानाशी कुजबुजले, जेसीबीच्या मालकाचा हात असा असतो का? तो हसला नाही. सासूबाई म्हणाल्या, "दाबून लिव." त्याने दाबून लिहिलं.

तर केतकीची हेतल झाले. आईला मुळीच पटलं नव्हतं. पण या मंडळींना हुंडा नको, मानपान नको, एवढी एकच अट. कामोठ्याच्या मामाने हे स्थळ आणलं तेव्हा म्हणाला होता, नावच मागतायत ना, देऊन टाक!

७ फेब्रुवारी

घरात माणसं चारच. मी, प्रणित, सासूबाई आणि नणंद. सासरे, कमळाकर त्यांचं नाव, दोन वर्षांपूर्वी पळस्प्याला ट्रकखाली गेले. दिवाणखान्यात त्यांचा भलामोठा फोटो आहे. नणंदेचं नाव लग्नपत्रिकेत दीपिका होतं, पण घरात सगळे तिला बायच म्हणतात. ती आणि मी एकाच वर्षातल्या, एकाच महिन्यातल्या. मामा सांगत होता, ते कळल्यावर सासूबाई एवढ्या खूश झाल्या की फोनवर रडल्याच. मला बहीण नाही. बायने काल माझे केस विंचरून दिले तेव्हा वाटलं, देवाने ती कसर भरून काढली.

एकच गंमत आहे. या घरात सगळे ठार बहिरे आहेत! बायला हाक मारली की पहिल्यांदा उत्तर नाही, दुसऱ्यांदा नाही, तिसऱ्यांदा मारली की "काय गं वहिनी?" प्रणितचंही तेच. मी म्हटलं, पनवेलला कानाच्या डॉक्टरकडे सगळ्यांना एकदम नेऊ, काहीतरी सूट मिळेल. कुणी हसलं नाही.

१० फेब्रुवारी

मला मात्र ही सवलत नाही. सासूबाईंचा दंडक आहे, "आमच्यात सून पयल्या हाकेला ओ देते." सुरुवातीला हेतल म्हणजे मीच हे लक्षातच यायचं नाही. त्या चिडत नाहीत हो. दिवसभर, कधी स्वयंपाकघरातून, कधी गच्चीवरून, "हेतल…" आणि मी "ओ!" नुसतं ओ ऐकायचं असतं त्यांना, काम काही नसतं. लवकर दिली की हातावर साखर ठेवतात. मी आईला फोनवर सांगितलं, की सर्कशीतल्या पोपटासारखं शिकवतायत मला. आई म्हणाली, नशीब काढलंस, बाकीच्या सुनांना शिव्या मिळतात.

गावातल्या बायका जाता-येता फाटकाशी थांबून सासूबाईंना विचारतात, "काय आयकला का गो भामे?" त्या नाही म्हणून मान हलवतात आणि बायका निर्धास्त होऊन जातात. आमच्या सासूबाई म्हणजे गावाचा रेडिओच दिसतो.

१२ फेब्रुवारी

आज दुपारी ओटीवर वाल सोलत बसले होते. फाटकातून हाक आली, "हेतल." बाईचा आवाज, ओळखीचा वाटला. मी ओ दिली आणि उठून पाहते तर फाटकात चिटपाखरू नाही. रस्ताही मोकळा.

मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या. मला वाटलं त्यांनीच थट्टा केली. पण त्या धावत आल्या, मला घट्ट कवटाळलं आणि हुंदके देऊन रडायला लागल्या. संध्याकाळी माझ्यासाठी जिताड्याचं कालवण केलं, आपल्या हाताने काटे काढून भरवलं. सासू अशी असते यावर बार्शीत कुणी विश्वास ठेवणार नाही. प्रणित मात्र जेवलाच नाही. ताटावरून उठून गेला.

१६ फेब्रुवारी

तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लावत होते. पुन्हा तीच हाक, आज ओटीवरून. सवयीने ओ गेलीच तोंडून. ओटीवर कुणी नव्हतं, झोपाळा तेवढा हलत होता. वारा म्हणावा तर तुळशीचं पान हलत नव्हतं.

बाय समोर बसली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. विचारलं काय झालं, तर उठून खोलीत गेली आणि कडी लावली. मला हे आवडलेलं नाही. उद्या तिला पनवेलला बाजारात नेते, पाणीपुरी खाल्ली की बोलेल.

१७ फेब्रुवारी

क्रमाने लिहिते.

पनवेलला उरण नाक्याच्या बाजारात कुणीतरी लांबून ओरडलं, "ए हेतल!" मी ओ दिली. एक मुलगी धावत आली आणि माझ्या अंगावरून पुढे जाऊन तिने बायला मिठी मारली. म्हणाली, शाळा सोडल्यानंतर थेट आज भेटतेस हेतल, ओळख विसरलीस की काय! बाय पांढरीफटक पडली. तिने मैत्रिणीच्या तोंडावर हात ठेवला.

बायचं नाव हेतल. जन्मापासून.

रिक्षात तिने सगळं सांगितलं. सासूबाईंना हाका ऐकू येतात. घरातलं, गावातलं माणूस जायचं असलं की आधी त्याच्या नावाची हाक येते, पहिली फाटकातून, दुसरी ओटीवरून, तिसरी माणसाच्या दाराशी. तिन्हींना ओ दिली की माणूस संपलं. सासऱ्यांनी दिली होती. तिसरी ओ दिली आणि दुसऱ्या दिवशी पळस्पे. म्हणून या घरात पहिल्या हाकेला कुणी बोलत नाही.

गेल्या गणपतीत फाटकातून हेतलची हाक आली. त्यांनी लेकीचं नाव बदललं, कागदोपत्रीसुद्धा. हाक थांबली नाही. मग त्यांच्या मनाने घेतलं, हाक नावाला येते, तर ते नाव त्याच वयाच्या दुसऱ्या कुणाला देऊन टाकावं. आणि ती दुसरी पहिल्या हाकेला ओ देणारी हवी.

मी विचारलं, तुला हे माहीत होतं? तू माझे केस विंचरत होतीस. ती रडत म्हणाली, "मना जगायचा हाय, वयनी."

मी तिला शिव्या दिल्या नाहीत. द्यायला हव्या होत्या.

१८ फेब्रुवारी

प्रणितला विचारलं. तो म्हणाला, शिकलेली आहेस, असल्या गोष्टी खऱ्या मानतेस? आईच्या समाधानासाठी केलं सगळं, तिचं मन राखलं.

मी म्हटलं, ठीक आहे. खरं नाही ना? मग एकदा मला केतकी म्हण.

तो हसला. तोंड उघडलं. मिटलं. खिडकीबाहेर बघत बसला.

मी पाया पडले त्याच्या. एकदा, फक्त एकदा. ज्या माणसाच्या जिवावर घर सोडून आले त्याला माझं नाव घेता येईना. मग हळूच म्हणाला की बाय त्याची पाठची बहीण आहे, लहानपणी त्याने तिला खांद्यावर घेऊन फिरवलंय. आणि मी कोण? हे विचारलं नाही मी. उत्तर कळलं होतं.

सासूबाईंना विचारायला गेले. त्यांनी नजर खाली घातली नाही. "पोटची पोर हाय माजी. तुज्या आयेने पन ह्येच केला असता." त्यांचे डोळे भरलेले होते, आणि त्याचाच मला जास्त राग आला. रडतात आणि तरीही करतात.

आईशी बोलले. ती म्हणते, मनाचे खेळ, जागा नवी आहे. मामा म्हणाला, उद्या संध्याकाळी त्याचा शिकवणीचा क्लास सुटला की न्यायला येतो. तोवर तोंड उघडायचं नाही. कुणीही हाक मारो.

१९ फेब्रुवारी, दुपार

ते तिघे कार्ल्याला निघाले, एकवीरा आईच्या दर्शनाला. मला नेत नाहीत. माझी बॅग पाहूनही कुणी काही बोललं नाही. वरच्या खिडकीतून बघत होते. गाडी फाटकाबाहेर काढून प्रणित खाली उतरला. फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. मग रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून हात जोडले, काहीतरी बोलला. सासूबाईंनी गाडीतूनच माझ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

देवीची प्रार्थना करत असेल.

मामाला सांगितलं, कुलूप आहे. तो म्हणाला, तोडू. सहाला निघतो.

संध्याकाळ

दाराला आतून कडी. ओढणीचा बोळा तोंडात. लिहीत राहिले की बोलणार नाही.

झोपाळा वाजतोय खाली—

"हेतल." जिन्यात. सासूबाईंच्या आवाजात. नाही.

"हेतल." बायचा आवाज. रडका. नाही नाही.

दाराशी आलंय. आता एकदम गप्प. नावाचा उपयोग नाही हे कळलं असेल. मी हेतल नाही. मी केतकी, केतकी, केतकी—

मामाचा फोन. कट केला. मेसेज केला, ये, बोलू शकत नाही. म्हणतो, दहा मिनिटं.

दहा मिनिटं काढायची. काढेन.

बोळ्याने जीव घुसमटला. काढला थोडा वेळ. दात घट्ट मिटलेत—

"केतकी."

प्रणित. प्रणितचाच आवाज. गाडी वाजली नाही. कुलूप वाजलं नाही. कार्ल्याला आहे तो—

फाटकाशी हात जोडून बोलला होता. काय बोलला ते आता— त्याला माझं खरं नाव सांगितलंस तू. मला एकदाही नाही, आणि त्याला—

"केतकी, अगं."

किती मायेने. याच हाकेसाठी पाया पडले होते मी. नको, रडू नको, तोंड उघडतं रडताना— जीभ आपोआप—