हसतानाचा शॉट

११ फेब्रु. १९९१, पनवेल
शूटिंगचं पॅकअप होऊन चार दिवस. सवयीनं पहाटे पाचला जाग येते. ओरडायला कुणी नाही. बावीस दिवस एका हाकेवर माणसं धावत होती. आज बायकोनं, सुधानं, पंखा पुसायला लावला. तोही नीट पुसला नाही म्हणे. फिल्मचे डबे लॅबमध्ये. एडिटरचा फोन आला. सुधाला म्हटलं, मी घरी नाही म्हणून सांग. म्हणाली, "खोटं कुठाय त्यात?"

१४ फेब्रु.
मासळी बाजारात भागीबाईनं पकडलं. माझ्या फिल्ममध्ये मरणारा म्हातारा कोळी म्हणजे तिचा नवरा, नामाकाका. पाटी सोडून उठलीच. "मेल्याचा शीन घेतलास, आन हसतानाचा नाय घेतलास! कॅमेरावाला बोलला व्हता, हसवल्याबिगर उठवायचा नाय."
खरंय. आमच्या लाइनीत रीतच आहे. कॅमेऱ्यासमोर मेला, त्याचा लगेच एक हसरा शॉट घ्यायचा, अपशकुन नको म्हणून. त्या संध्याकाळी उजेड जात होता, मीच पॅकअप ओरडलो. विसरलो. तेव्हापासून काका होडीवर गेलेले नाहीत, धड जेवतही नाहीत. बाई रडली. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी तिला म्हटलं, घेतो शॉट.

१५ फेब्रु.
सुधाला सांगितलं. "जेवत तर तूही नाहीस. तू कुठं मेला होतास?"
कॅमेरामनला फोन. चाळीस फूट फिल्म उरलीय, मिनिटभर चालेल. बुधवारी येतो म्हणाला. एकदम हुरूप आला. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

२० फेब्रु.
बेलपाडा, काकांची वस्ती. काका नवा सदरा घालून होडीला टेकून उभे. कॅमेरा सुरू. "काका, हसा." काका ढिम्म. भागीबाईनं कोपर मारलं, कॅमेरामननं वेडावून दाखवलं, शेवटी मी नाचलो. काका सोडून सगळा पाडा हसला. फिल्म संपली.
भागीबाई भडकली. "तुमाला मराचा हाय का?"
काका माझ्याकडे बघत म्हणाले, "मी हासलो का पिच्चर संपला. मंग ह्यो कशाला येल हितं? रोज पाचला उठून ह्याची वाट बगतो मी."
वाटत होतं, हे असलं फक्त मलाच होतंय. म्हाताऱ्यावर इतका जीव जडलाय ते आज कळलं.
"आयतवारी ये," काका म्हणाले. "तवा बगू."
येतो म्हणून बसलो. फिल्मचा तुकडा शिल्लक नाही, आणि एडिटरलाही रविवारचीच वेळ दिलीय.