खजुराच्या खोडातली वर्तुळं

३ मार्च
प्रदर्शनाचे फलक लिहायची माझी नोकरी सौदी माणसाला जाणार, हे आज पक्कं झालं. मुदीरने, म्हणजे आमच्या संचालकाने, स्वतः सांगितलं, उभ्याउभ्या, चहाचा ग्लास हातात. महिनाअखेर खलास. रियाधची कंपनी घ्यायला तयार आहे, पण कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार मालक, बदलायला मुदीरची सही हवी; नाहीतर घरी परत. "प्रदर्शनाचं काम संपव, करतो." ठीक. देश त्यांचा, जागा त्यांची. त्याचा राग नाही.

५ मार्च
शेवटचा फलक: झाड सेल्युलोज कसं बनवतं. पेशीच्या पातळ पडद्यात प्रथिनांचे झुबके. प्रत्येक झुबका साखरेचे कण जोडत धागा काढतो आणि काढता काढता स्वतःच पुढे सरकतो. थरावर थर, आतल्या बाजूने. भिंत जाड होते, शेवटी पेशी मरते. उरतं ते लाकूड. सोबत सागाच्या ओंडक्याचं चित्र, वर्तुळं दिसतील असं.
माझ्या जागी येणारा माजिद वनस्पतिशास्त्राचा. वाचून म्हणाला, "धागे एका दिशेत कसे राहतात?" चांगला प्रश्न. पडद्यामागे सूक्ष्म नळ्या असतात, झुबके त्यांच्या रोखाने जातात. दोन ओळी वाढवल्या.

८ मार्च
मुदीरने साग काढून खजूर घातला. वर्तुळांसकट.
खजुराला वर्तुळं नसतात. त्याचं खोड वर्षाला एकेक थर चढवत नाही. जुन्या पेशीच जिवंत राहून भिंती जाड करत बसतात. आणि हे लावायचं कुठे, तर खजुराच्या बागांनी वेढलेल्या या हुफूफमध्ये. इथे खजुराचं कापलेलं खोड न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. तसं म्हणालो. "हबीबी, चित्र सुंदर आहे. यल्ला, मंजुरीवर सही कर."
माजिद शेजारी फोन बघत होता. घरची खजुराची बाग आहे त्याची. बाहेर आल्यावर म्हणतो (इथे बापाला लेकराच्या नावाने हाक मारतात), "अबू सना, आत्ता सही कर. तू गेलास की मी बदलतो."
म्हणजे चूक माझी, दुरुस्ती त्याची. संताप संताप.

९ मार्च
बायको, रेहाना, जेवताना: "पेपरात होतात तेव्हा छापलंत ते सगळं खरंच होतं?" सना: "अब्बा, जस्ट साइन करा ना. एप्रिलमध्ये माझी ट्वेल्थ सुरू होते." दोघींचं चुकत नाही. म्हणून जास्तच चिडलो. ताट तसंच.

११ मार्च
छापखान्याला मंजुरी माझ्याच सहीने जाते. खजुराचं खरं चित्र नव्याने काढवून घेतलं, वर्तुळं नाहीत, नुसते विखुरलेले ठिपके. मजकूरही बदलला. सही केली, पाठवलं. माजिदला तोंडावर सांगितलं.
"मुदीर मला विचारेल."
"मग सांग, बागेत काय बघतोस ते."
"आणि तुझा कफील बदलायचा कागद?"
"तो माझा प्रश्न."
"तुम्ही पेपरवाले सगळे असेच डोक्याने गरम?"


१३ मार्च
फलक आज भिंतीवर चढला. रेहानाला अजून सांगितलेलं नाही. कफील बदलण्याचा कागद मुदीरच्या टेबलावर ठेवलाय. तो रविवारी दम्मामहून येतो, माजिद बरोबर असेल. टेबलापर्यंत जायला प्रदर्शनातूनच, त्या फलकासमोरूनच वाट आहे.