‘नौ’ शब्दाच्या चिठ्ठ्यांची पेटी

रविवार, दिनांक ९ ऑगस्ट १९८७, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी गीर्वाण सेवा सभेचे चिटणीस श्री. नरहरी ओगले यांनी सभागृहाच्या दारातच माझा निबंध माझ्या हातून काढून घेतला. हे मृत्युपत्र तेव्हाच मनात तयार झाले. आज कागदावर उतरवते.

मी, विमला जानू पालशेतकर, वय ६३, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार मांडवी, रत्नागिरी. बुद्धी शाबूत आहे, गुडघे नाहीत. कुणाच्या दबावाखाली लिहीत नाही. दबाव टाकायला घरात दुसरे कोणी नाहीच.

१. मांडवीची दोन खोल्यांची चिऱ्याची जागा माझी भाची जनी दत्ताराम पालशेतकर हिला द्यावी. ती बाजारात मासळी विकते आणि बुधवारी उरलेले बांगडे मला आणून देते. आठवड्यात माझ्या दारावर पडणारी तेवढीच एक थाप. पाय धुऊन आत ये, असे मी तिला कायम बजावत आले. आता तिने हवे तसे यावे.

२. लॅटिन व्याकरणाचे पुस्तक कॉन्व्हेंटला परत करावे. माझी आत्या तिथल्या स्वयंपाकघराला मासे पुरवी, म्हणून मला तिथल्या शाळेत प्रवेश मिळाला. त्या पुस्तकात होडीला ‘नाविस’ म्हटले होते. पुढे कॉलेजात संस्कृतातला ‘नौ’ भेटला आणि मी त्या शब्दाची झाले.

३. ‘नौ’ शब्दाच्या नोंदींच्या चिठ्ठ्यांची पेटी; ती कोणाला, ते कलम ६ मध्ये. सोळा वर्षांचे काम. नौ: औकारान्त, स्त्रीलिंगी, नौः, नावौ, नावः. आपले वैयाकरण तो ‘नुद्’, म्हणजे ढकलणे, या धातूपासून साधतात. युरोपातल्या विद्वानांना ते पटत नाही. शब्द त्याहून जुना, असे ते म्हणतात. निबंधात मी दोन्ही बाजू मांडल्या आणि तिसरी साक्ष जोडली ती माझ्या वडिलांची; होडीचे नाखवा म्हणून दाभोळात त्यांना जानू तांडेल म्हणत. ते म्हणत, “बाय, रेतीवर हाय तवर ती होडी नाय, लाकूड. धा जणांनी ढकलली का मग होडी.”

संस्कृत दिन आणि नारळी पौर्णिमा एकाच दिवशी येतात. ओगले मला दारात म्हणाले, “बाई, आज श्रावणी. मंडळी नवी जानवी घालून येतायत. निबंध मी वाचतो, तुम्ही तिकडे बायकांत बसा.” बायकांत मी एकटीच होते. त्यांनी निबंध वाचला; माझे नाव घेतले नाही आणि वडिलांचे पान गाळले. मी उठून विचारले, तर म्हणाले, “अहो, शास्त्रात खलाशी कुठे आणता?” मंडळी हसली. शाल आणि श्रीफळ ओगल्यांना मिळाले.

त्याच पौर्णिमेला माझा भाऊ दत्ताराम दरवर्षी दाभोळहून निरोप धाडी, “ताय, औंदा तरी ये गो. नारल तुज्या हातान सोडू.” सोळा वर्षे मी सभेत गेले. तो गेल्या मार्गशीर्षात वारला. यंदा निरोप आला नाही.

४. माझी काळी छत्री श्री. ओगले यांना कायमची द्यावी. ती १९७९ पासून त्यांच्याकडेच आहे.

५. माझी रक्षा दाभोळच्या खाडीत सोडावी, भावाच्या होडीतून. होडी ढकलायला जनीने दहा माणसे जमवावीत. कमी पडली तर सभेकडे मागू नयेत.

६. पेटी सभेला मिळेल, पण अटीवर. पेटीवर दोन नावे रंगवावीत, माझे आणि साक्ष देणाऱ्या जानू तांडेलांचे. आणि गाळलेले पान सभेच्या वार्षिक अंकात छापावे. नकार आला किंवा उत्तरच आले नाही, तर पेटी जनीची. तिला संस्कृत येत नाही, असे ओगले म्हणतील. तिला होडी ढकलता येते.

साक्षीदार:
गंगुबाई सोनू मयेकर, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)
डॉ. वसंत शिरधनकर, मांडवी (सही)

विमला जानू पालशेतकर (सही)
रत्नागिरी, १ सप्टेंबर १९८७

ता. क. कलम ६ ची नक्कल आज सभेला रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे. लेखी उत्तर ३० सप्टेंबर, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावे. तोंडी निरोप चालणार नाही. सभेतल्या कोणी स्वतः आणून दिले तरी चालेल. मी घरीच असते.