निळा कोपरा

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रिय बुडे,

गुडघे टेकून नमस्कार. आई बरी आहे. तुमच्या पाटीत मांजर व्यालंय, तीन पिल्लं झाली. आई म्हणते, "तुझ्या बुडेची, माझ्या थोरल्या बहिणीची, पाटी कधी रिकामी राहायचीच नाही." मास बाग्यो, तुझ्या आईला हे पत्र तूच मोठ्याने वाचून दाखवणार, म्हणून आधीच बजावते. मधलं काही गाळायचं नाही. तुला सवय आहे.

बुडे, काठी धरून न्हाणीघरापर्यंत जाता म्हणे. ऐकून बरं वाटलं. खुब्याचं हाड या वयात जुळतं म्हणजे तुम्ही खमक्याच. फोनवर मला काहीतरी सांगायचं असतं, पण तुम्ही आधी "जेवलीस का?" विचारता आणि मी जेवणाचंच सांगत बसते. म्हणून लिहितेय.

मास बाग्यो इस्पितळात सगळ्यांना सांगत होता, "म्हातारीला पूल चढायचा कंटाळा, म्हणून मोटारसायकलखाली आली." आणि तुम्ही अंथरुणातून मान हलवलीत, "चूक माझीच गं बाई. नवा पूल बांधून दिलाय, आणि मी आपली जुन्या जागेवरून निघाले." मी तिथेच उभी होते. हातात तुमच्यासाठी आणलेली केळी होती. ती टेबलावर ठेवली आणि काम आहे म्हणून पळ काढला.

काम काही नव्हतं.

तो पूल कुणी सुचवला, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. पोरगी शहर सुधारायचं शिकलीय, एवढंच तुम्ही बाजारभर सांगत फिरलात. आता ऐका. कुठल्या रस्त्यावर किती माणसं चालतात, बसतात, रस्ता ओलांडतात ते मोजायचं आणि त्यावरून रस्त्याची आखणी करायची, हे माझं काम. जिथे गर्दी तिथे नकाशावर लाल रंग, शुकशुकाट तिथे निळा. बाजाराचा तुमचा कोपरा, ते बदामाचं झाड, बाक, पांढरे पट्टे, सगळं निळं आलं. तासाला चार माणसं. चार! मी खाली लिहिलं, "वापर नगण्य." त्या दोन शब्दांवर झाड गेलं, बाक गेले, पट्टे खरवडले, गाड्यांना वळायला रस्ता रुंद झाला आणि चालणाऱ्यांसाठी पलीकडे बेचाळीस पायऱ्यांचा पूल आला.

मोजणी आम्ही कधी केली ठाऊक आहे? रोज्यांच्या महिन्यात. भर दुपारी.

मोजायला बसलेल्या इबू तुती मला म्हणाल्यासुद्धा, "अहो, रोज्यात इथं काळं कुत्रं तरी फिरकतं का? खायच्या पाट्या बंद, गिऱ्हाईक बंद. ईदनंतर या, बसायला जागा मिळायची नाही." मी म्हटलं, "दिसतंय तेवढं लिहा." अहवाल ईदच्या सुट्टीआधी द्यायचा होता आणि पहिल्या पानावर माझं नाव येणार होतं. त्या नावासाठी मी डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

आणि मला कुणी सांगायची गरज होती का? दर वर्षी रोजे लागले की तुम्ही पेचेलची, उकडलेल्या भाज्या नि शेंगदाण्याच्या चटणीची, पाटी पालथी घालून आमच्याकडे राहायला येता. मी तो नकाशा रंगवत होते तेव्हा तुम्ही माझ्याच स्वयंपाकघरात रोजा सोडायच्या वेळेसाठी शेंगदाण्याची चटणी वाटत होतात. पाट्याचा आवाज मला ऐकू येत होता. कोपरा रिकामा होता, कारण तुम्ही माझ्या घरात होतात.

मग ईद आली. आपल्या रीतीप्रमाणे मी तुमच्यापुढे गुडघे टेकले, तुमच्या मांडीवर कपाळ ठेवलं आणि सगळे म्हणतात तेच म्हटलं, कळत नकळत जे चुकलं त्याची माफी असावी. तुम्ही मला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. उठवून म्हणालात, "तुझं काय चुकणार, पोरी?" अहवाल चार दिवसांपूर्वीच गेला होता. नेमकं काय चुकलं ते कुणी सांगायला लावत नाही, ही रीत त्या दिवशी मला फार सोयीची वाटली. लाज वाटते हो बुडे, लिहितानासुद्धा कान तापलेत.

गेल्या महिन्यात रजा टाकून मी स्वतः कोपऱ्यासमोर बसले. आठवडाभर मोजलं. तासाला एकशे साठ माणसं, आणि अजून तिथूनच ओलांडतात, जीव मुठीत धरून. पुलावर कोण चढतं? शाळेची चार पोरं, थुंकायला. आमच्या साहेबांना, पाक विद्योकोंना, दोन्ही आकडे दाखवले. ते म्हणाले, "ईदला सगळ्यांनी सगळ्यांची माफी मागितली ना? मग आता जुनं कशाला उकरतेस?" त्याच मोजणीवरून आणखी सहा कोपरे खणायचे होते. परवा बाजाराच्या सभेत उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की मोजणी खोटी होती आणि ते मला माहीत होतं. सहाही कामं थांबली. पट्टे परत मारणार आहेत. झाड मात्र मी कुठून आणू? माझ्या नोकरीचं उद्या, सोमवारी कळेल.

मास बाग्यो, इथे थांबू नकोस. आईवर ओरडलास ना? आता तिच्याकडे बघ आणि वाच. कंटाळा तिने केला नव्हता. मी केला होता, दोन आठवडे थांबायचा.

बुडे, पुढच्या रविवारी येतेय. ईद पाच महिने लांब आहे, तरी गुडघे टेकणार आहे. त्या दिवशी दिलेली माफी परत घ्या, ती मी फसवून नेली. या वेळी माझं बोलणं पुरं होईपर्यंत मला उठवू नका. पुरं झाल्यावरही उठवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त "चूक माझीच" हे पुन्हा कुणापुढे म्हणू नका.

जिचं चुकलं ती,
वेनिंग